मॅट्रिक्स स्ट्रक्चर आणलं तर प्रोजेक्ट खरंच वेळेवर होतात का?

कागदी_मॅनेजर:

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आमची कंपनी ऑर्डरप्रमाणे मशिनं बनवते, प्रत्येक मशिन आधीच्यापेक्षा थोडंफार वेगळं, त्यामुळे प्रत्येक ऑर्डर हा एक प्रोजेक्टच. दीडशेक माणसं आहेत. मेकॅनिकल डिझाइन, इलेक्ट्रिकल, सॉफ्टवेअर, परचेस, असेंब्ली, क्वालिटी अशी खाती आणि प्रत्येकाचा एक एचओडी, म्हणजे खातेप्रमुख. मी प्रोजेक्ट मॅनेजर, पण मला रिपोर्ट करणारा एकही माणूस नाही. शेड्यूल बनवायचं, दर आठवड्याला सगळ्यांच्या मागे लागून स्टेटस गोळा करायचं आणि उशीर झाला की कस्टमरचं ऐकून घ्यायचं, हे माझं काम. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

माणसं वाईट नाहीत हे आधीच सांगतो, एचओडी लोकांशी माझे संबंधही चांगले आहेत. पण होतं काय, की सॉफ्टवेअरचा एक इंजिनियर माझ्या प्रोजेक्टवर ५०% असं प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं आणि जुन्या कुठल्यातरी मशिनचा सर्व्हिस कॉल आला की त्याचा एचओडी त्याला तिकडे पाठवतो, मला ते पुढच्या रिव्ह्यू मीटिंगला कळतं. परचेसवाले तीन प्रोजेक्टचा माल एकत्र मागवतात कारण त्यांना भाव पाडून घ्यायचं टार्गेट आहे, त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, पण माझी असेंब्ली एका पार्टसाठी बसून राहते. वर्षाअखेरीला सगळ्या खात्यांची टार्गेटं पूर्ण आणि प्रोजेक्ट मात्र सगळे लेट. हे गणित मला काही झेपत नाही.

आता मॅनेजमेंटने एक कन्सल्टंट बोलावलाय, तो म्हणतोय मॅट्रिक्स करा, म्हणजे माणूस आपल्या खात्यातच राहील पण एचओडीबरोबर प्रोजेक्ट मॅनेजरलाही रिपोर्ट करेल. एका डायरेक्टरचं मत आहे की मॅट्रिक्स वगैरे नको, मोठ्या ऑर्डरला सरळ वेगळी टीम द्या. आणि आमचे एक सीनियर म्हणतात की माणसं चांगली असली की कुठलंही स्ट्रक्चर चालतं आणि नसली की कुठलंच चालत नाही, ऑर्ग चार्टवरच्या चौकोनांना काही अर्थ नसतो. तर प्रश्न असा की स्ट्रक्चरने खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर नेमका कशामुळे? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

गँटवाला:

फरक पडतो आणि चांगलाच पडतो, फक्त तो चौकोनांमुळे पडत नाही.

पीएमआयवाले (प्रोजेक्ट मॅनेजमेंटची अमेरिकन संस्था) एक पट्टी दाखवतात, तुम्ही बघितली असेलच, एका टोकाला फंक्शनल, म्हणजे सगळं खातेप्रमुखांच्या हातात, दुसऱ्या टोकाला प्रोजेक्टाइज्ड, म्हणजे सगळं प्रोजेक्ट मॅनेजरच्या हातात, आणि मध्ये वीक, बॅलन्स्ड, स्ट्राँग असे मॅट्रिक्सचे तीन प्रकार. तुम्ही आत्ता त्या वीकच्याही अलीकडे आहात. त्यांच्या हिशोबाने तुम्ही मॅनेजर नाहीच, एक्सपेडायटर आहात, म्हणजे निरोप्या, ज्याला स्वतःहून निर्णय घेता येत नाही. कोऑर्डिनेटर ही त्याच्या वरची पायरी, त्याला निदान थोडे निर्णय तरी घेता येतात.

मी कुठल्याही कंपनीत गेलो की ऑर्ग चार्ट मागत नाही. विचारतो की सोमवारी सकाळी हा माणूस कुठलं काम हातात घेणार हे कोण ठरवतं, त्याच्या अप्रेझलवर सही कोणाची, प्रोजेक्टचे पैसे खर्च करायला परवानगी कोणाची लागते आणि कस्टमरने मध्येच बदल मागितला तर हो किंवा नाही कोण म्हणतं. ही उत्तरं ज्याच्याकडे जातात तो प्रोजेक्ट चालवतो, बाकीच्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असो. ज्याच्या हाती ससा तो पारधी. तुमच्या लिहिण्यावरून निम्म्याहून जास्त उत्तरं एचओडींकडे जातात आणि जबाबदारी तेवढी तुमच्याकडे येते.

आता ते न झेपणारं गणित. एचओडीला कशावरून मोजतात? माणसं रिकामी बसली नाहीत ना यावरून. म्हणून तो प्रत्येकाला गच्च भरून ठेवतो. रांगांच्या शास्त्रातलं सगळ्यात साधं मॉडेल घ्या, एक माणूस, कामं कधीही येतात, कुठलं छोटं कुठलं मोठं. तो माणूस ८०% बिझी असेल तर नवीन कामाला सरासरी कामाच्या वेळेच्या ४ पट वाट बघावी लागते. ९०% बिझी असेल तर ९ पट. ९५% ला गेलात तर १९ पट! म्हणजे एका दिवसाच्या ड्रॉइंग बदलासाठी कामाचे जवळपास चार आठवडे नुसते रांगेत, आणि या चार आठवड्यांत कोणीही कामचुकारपणा केलेला नाही, उलट सगळे मान मोडून काम करतायत. तुमचा प्रोजेक्ट अशा सहा खात्यांच्या रांगांतून जातो. प्रत्येक कामाला मालक आहे, पण दोन कामांच्या मधल्या वाट बघण्याला कोणी मालक नाही. फंक्शनल स्ट्रक्चरमध्ये प्रोजेक्ट लेट होतात ते मुख्यतः या मधल्या जागेत.

म्हणून मॅट्रिक्स आणलं आणि तरी प्रत्येक माणूस पाच प्रोजेक्टवर २०-२०% असाच राहिला तर काहीही बदलणार नाही, फक्त मीटिंगा वाढतील.

दुहेरी_रिपोर्टिंग:

गँटवाला, शेवटच्या वाक्याला +१००.

मी या मॅट्रिक्समध्ये खालच्या बाजूने वर्षानुवर्षं बसलेली बाई आहे, म्हणून इंजिनियरच्या खुर्चीतून कसं दिसतं ते सांगते. एक फंक्शनल बॉस, एक प्रोजेक्ट बॉस, कधी कधी दोन प्रोजेक्ट बॉस. प्रत्येकाला वाटतं मी त्याचीच. दोघांनी मिळून माझे १२०% वाटून घेतलेले असतात आणि दोघंही म्हणतात की "तुम्ही आपसात अ‍ॅडजस्ट करा", आता मी कोणाशी अ‍ॅडजस्ट करू, माझ्याशीच? दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे पाहुण्यावर दोन्ही घरची भांडी घासायची वेळ येते. शेवटी माणूस काय करतो, जो अप्रेझल लिहितो त्याचं काम आधी करतो. नाहीतर जो जास्त ओरडतो त्याचं. म्हणजे कुठला प्रोजेक्ट आधी आणि कुठला नंतर हा कंपनीचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय सगळ्यात ज्युनियर माणूस स्वतःच्या टेबलावर बसून घेतो, आणि डायरेक्टरांना पत्ताच नसतो.

मॅट्रिक्सची मूळ गोष्ट अशी की अमेरिकेत १९६० च्या दशकात विमानं, क्षेपणास्त्रं, अंतराळ या धंद्यातल्या कंपन्यांमध्ये हे पसरलं. सरकारी गिऱ्हाइकाला एका कॉन्ट्रॅक्टसाठी एक जबाबदार माणूस समोर हवा होता आणि कंपन्यांना आपली तज्ज्ञ खाती मोडायची नव्हती, म्हणून दोन्ही ठेवलं. यात भांडण हा दोष नाही, ती त्या व्यवस्थेतली ठरवून ठेवलेली गोष्ट आहे, खर्च विरुद्ध वेळ, खोली विरुद्ध वेग हे भांडण आधी झाकलेलं असतं ते मॅट्रिक्समध्ये उघड होतं. पण उघड झाल्यावर ते दोन दिवसात मिटवणारा कोणीतरी वर बसलेला पाहिजे. तो नसेल तर मॅट्रिक्स आणूच नका, मनापासून सांगते, फंक्शनल परवडलं, निदान शिव्या एकाकडूनच खाव्या लागतात.

खोडरबर:

सगळे स्ट्रक्चरच्या बाजूने बोलतायत म्हणून जरा उलटं बोलतो. कामॅ (कागदी_मॅनेजर), तुमचे सीनियर साफ चुकीचे नाहीत.

यावर अभ्यास झालेले आहेत. लार्सन आणि गोबेली या दोघांचा १९८९ चा अभ्यास बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे, पाचशेहून जास्त डेव्हलपमेंट प्रोजेक्ट घेतले आणि पाच प्रकारच्या स्ट्रक्चरमध्ये तुलना केली. निष्कर्ष असा की शुद्ध फंक्शनल आणि ज्यात फंक्शनल मॅनेजरचंच चालतं असं मॅट्रिक्स, हे दोन मागे पडले. बॅलन्स्ड मॅट्रिक्स, प्रोजेक्ट मॅनेजरचं पारडं जड असलेलं मॅट्रिक्स आणि स्वतंत्र टीम हे तीन पुढे. त्यातही गंमत अशी की प्रोजेक्टकडे झुकलेलं मॅट्रिक्स शेड्यूल पाळण्यात बॅलन्स्डपेक्षा सरस ठरलं आणि खर्च आटोक्यात ठेवण्यात स्वतंत्र टीमपेक्षा सरस ठरलं.

हे वाचून लगेच उड्या मारू नका. जी कंपनी प्रोजेक्ट मॅनेजरला अधिकार देते ती कदाचित मुळातच प्रोजेक्टबद्दल गंभीर असते, चांगला मॅनेजर निवडते, काय बनवायचंय ते आधी नीट ठरवते. मग यश स्ट्रक्चरचं की त्या गांभीर्याचं, हे वेगळं काढणं अवघड आहे. स्कोपच धड ठरलेला नसेल तर सगळे अधिकार हातात असूनही प्रोजेक्ट बोंबलतोच. तुमच्याकडे ऑर्डर घेताना सेल्सवाले काय कबूल करून येतात ते आधी बघा, माझा अंदाज आहे की निम्मा उशीर तिथेच पेरला जातो आणि सेल्स हे खातं तुमच्या यादीतच नाही.

काटकोन:

खोडरबर यांचा सेल्सचा मुद्दा एकदम मान्य पण बाकीच्याला थोडा विरोध. स्ट्रक्चर नुसतं वेळेवर नाही, बनणाऱ्या वस्तूवरच उमटतं. मेल्विन कॉनवे नावाच्या प्रोग्रामरने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की कुठलीही संस्था जी सिस्टिम डिझाइन करेल तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेची नक्कल असेल. सॉफ्टवेअरवाले याला कॉनवेचा नियम म्हणतात पण तो फक्त सॉफ्टवेअरला लागू नाही.

एअरबस ए३८० घ्या. एका विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त वायरिंग. मागच्या-पुढच्या भागांचं बरंच वायरिंग हॅम्बुर्गला तयार व्हायचं, अंतिम जोडणी तुलूझला. जर्मन आणि स्पॅनिश टीम कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरचं चौथं व्हर्जन वापरत होत्या, फ्रेंच आणि ब्रिटिश पाचवं. दोन्ही व्हर्जनं एकमेकांशी नीट बोलत नव्हती, एकीकडचे बदल दुसरीकडे बरोबर पोचत नव्हते, आणि तुलूझला तयार हार्नेस (तारांचे जुडगे) बसवायला घेतले तर तारा पुरेनात. २००६ मध्ये एकामागून एक उशीर जाहीर झाले, पहिलं विमान गिऱ्हाइकाला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये, मूळ वेळापत्रकापेक्षा साधारण दीड-दोन वर्षं मागे.

आता म्हणाल ही सॉफ्टवेअरची चूक. पण चार देशांच्या कंपन्या २००१ मध्ये कागदावर एक झाल्या होत्या, तरी पाच वर्षांनी सगळ्यांनी एकच व्हर्जन वापरायचं असं ठणकावून सांगणारा माणूस प्रोजेक्टमध्ये नव्हता की हो. वरच्या पालक कंपनीत तर त्या वेळी दोन सीईओ होते, एक फ्रेंच एक जर्मन, आणि प्रत्येक खुर्चीमागे आपापल्या देशाचा समतोल. इंजिनियर जगातले उत्तम. सीनियर साहेबांना विचारा, माणसं चांगली होती की नाही?

निवांत_एचओडी:

इथे एचओडी लोकांना बराच वेळ बदडून झालंय तेव्हा एका एचओडीने उत्तर द्यायला हरकत नाही.

सर्व्हिस कॉलला मी माझा माणूस पाठवतो ते मला हौस आहे म्हणून नाही. जुनं मशिन बंद पडलेला कस्टमर थेट एमडींना फोन करतो आणि एमडी मला. त्या वेळी कोणी विचारत नाही की प्रोजेक्ट मॅनेजरला सांगितलं का. शिवाय खातं नसेल तर नव्या पोराला शिकवणार कोण? एका प्रोजेक्टला सापडलेली चूक दुसऱ्या प्रोजेक्टला होऊ नये म्हणून स्टँडर्ड कोण लिहिणार? स्वतंत्र टीमवाल्या कंपनीत मी काम केलंय, तिथे प्रत्येक टीमने एकच कंट्रोल लॉजिक आपापल्या पद्धतीने पहिल्यापासून लिहिलेलं, आणि टीम मोडली की ते समजावून सांगायला कोणी शिल्लक नाही. प्रोजेक्ट संपत आला की शेवटचे दोन महिने लोकांचं लक्ष पुढची जागा कुठे मिळते याकडे. त्या उशीराचा हिशोब कुठल्याच चार्टवर येत नाही.

टोयोटाचं उदाहरण मला सगळ्यात पटतं. तिथे प्रत्येक गाडीला एक चीफ इंजिनियर असतो. त्याच्या हाताखाली स्वतःचा स्टाफ अगदी छोटा, बाकी शेकडो इंजिनियर आपापल्या फंक्शनल खात्यातच राहतात आणि रिपोर्ट पण तिथेच करतात. म्हणजे अधिकाराच्या रेघा बघितल्या तर तो जवळपास कामॅ साहेबांसारखाच, पण प्रत्यक्षात त्याचा शब्द मोडायची कोणाची टाप नसते. का? कारण गाडी कशी असावी, कोणासाठी, किती किमतीला हे तो ठरवतो, आणि तो स्वतः त्या खात्यांमधून वर आलेला मुरलेला इंजिनियर असतो, त्यामुळे खात्याने "हे होणार नाही" म्हटलं तर का होणार नाही हे त्याला कळतं. क्लार्क आणि फुजिमोटो यांनी गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचा अभ्यास करून १९९१ मध्ये याला हेवीवेट प्रोजेक्ट मॅनेजर असं नाव दिलं. लाइटवेट म्हणजे नुसता शेड्यूल सांभाळणारा.

तरी हेही सांगतो की टोयोटाला सुद्धा हे कायम पुरलं नाही. मॉडेलं वाढली, खाती वाढली, चीफ इंजिनियरला इतक्या खात्यांशी बोलावं लागायला लागलं की १९९२ च्या सुमारास त्यांनी सगळं मोडून सारख्या प्लॅटफॉर्मच्या (मूळ सांगाड्याच्या) गाड्या एकेका सेंटरखाली आणल्या. स्ट्रक्चर कायमचं नसतं.

तर कामॅ, मशिन काय आहे आणि कस्टमरला त्याच्याकडून काय हवंय यावर शेवटचा शब्द तुमचा आहे का? नसेल तर माझी माणसं तुम्हाला रिपोर्ट करायला लागली तरी ऐकतील असं नाही.

फुकट_सल्ला:

स्क्वाड आणि ट्राइब करा, हाकानाका. 😄

दुहेरी_रिपोर्टिंग:

@फुकट_सल्ला, हसू नका, ते पण मॅट्रिक्सच आहे. स्पॉटिफायवाल्यांचा २०१२ चा जो पेपर सगळीकडे फिरला त्यात चॅप्टर म्हणजे एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांचा गट, त्याचा चॅप्टर लीड हा लाइन मॅनेजर आणि स्क्वाड ही रोज काम करणारी टीम, आणि हे डिलिव्हरीकडे झुकलेलं मॅट्रिक्स आहे असं तेच सांगतात. नवी नावं दिल्यावर लोकांना आवडायला लागलं एवढंच. आणि आमच्याकडे पीएमओ (प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस) म्हणून जे उघडलं ते कंट्रोलही करत नाही आणि मदतही करत नाही, दर शुक्रवारी रंगीत एक्सेल गोळा करतं, तेवढाच लाल-पिवळा-हिरवा विरंगुळा.

सावध_पाऊल:

चर्चा प्रोजेक्ट मॅनेजरला जास्तीत जास्त अधिकार द्या या दिशेने चाललीये म्हणून दुसरी बाजू टाकतो. प्रोजेक्ट मॅनेजर फार ताकदवान झाला की काय होतं याचं उदाहरण नासा.

२००३ मध्ये कोलंबिया शटल परत येताना तुटलं, सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता हे दुसऱ्याच दिवशी व्हिडिओत दिसलं होतं. इंजिनियर लोकांनी पंखाचे फोटो मिळवायची विनंती तीन वेगवेगळ्या वाटांनी केली, आणि ती योग्य चॅनलने आलेली नाही, अधिकृत गरज कोणी नोंदवलेली नाही अशा कारणांनी पुढे गेली नाही. चौकशी मंडळाचा रिपोर्ट ऑगस्ट २००३ मध्ये आला, त्यात फोमइतकंच महत्त्व संस्थेच्या रचनेला दिलंय. मुख्य मुद्दा हा की शटल प्रोग्रामच्या मॅनेजरकडेच खर्च, शेड्यूल आणि तांत्रिक नियमांतून सूट देण्याचा अधिकार हे तिन्ही एकत्र होतं. शेड्यूलचा ताण ज्याच्या डोक्यावर त्यानेच सुरक्षिततेचा नियम शिथिल करायचा की नाही हे ठरवायचं! मंडळाने शिफारस केली की तांत्रिक नियम आणि त्यातल्या सगळ्या सवलती प्रोग्रामच्या बाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्या.

त्याच्या आधी १९८६ चं चॅलेंजर. आदल्या रात्री टेलिकॉन्फरन्सवर बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर थंडीत ओ-रिंगबद्दल (बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांबद्दल) हरकत घेत होते, आणि ज्यांनी उड्डाणाला अंतिम मंजुरी दिली त्यांना त्या हरकतीबद्दल माहितीच नव्हती. प्रत्येक पातळीवर बातमी गाळली गेली, वरपर्यंत सगळं अळीमिळी गुपचिळी.

मशिनांच्या कंपनीत एवढं टोकाचं काही होणार नाही हे मान्य, पण तत्त्व तेच. नवीन स्ट्रक्चर काहीही करा, क्वालिटी तुमच्या हाताखाली मागू नका. तुम्हाला ती अडथळा वाटत असेल, वाटू दे. डिस्पॅचच्या आदल्या रात्री "नाही" म्हणू शकेल असा एक माणूस असा हवा की ज्याचं अप्रेझल तुमच्या डिस्पॅचवर अवलंबून नाही.

कागदी_मॅनेजर:

बाप रे, इतकं सविस्तर. सगळ्यांचे आभार. सेल्सचा मुद्दा वाचून जरा दचकलोच, कारण सेल्स खरंच आमच्या कुठल्याच प्रोजेक्ट मीटिंगला नसतं, ऑर्डर मिळाली की त्यांचं काम संपतं आणि डिलिव्हरीची तारीख मात्र त्यांनी ठरवलेली असते.

@निवांत_एचओडी, शेवटचा शब्द माझा नाही. कस्टमरचे टेक्निकल प्रश्न थेट डिझाइनच्या एचओडीकडे जातात, मी सीसीमध्ये.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. मोठ्या ऑर्डरला वेगळी टीम द्यायची ही डायरेक्टरांची आयडिया आमच्यासारख्या छोट्या कंपनीत चालेल का? आणि मॅट्रिक्सच झालं तर मी मॅनेजमेंटकडे नेमकं काय मागू? "अधिकार द्या" असं मोघम म्हटलं तर ते हो म्हणतील आणि काही होणार नाही, हे मला चांगलं माहितीये.

गँटवाला:

वेगळी टीम म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लॉकहीड या विमान कंपनीचं स्कंक वर्क्स, म्हणजे तिची वेगळी काढलेली छोटी टीम, येतं. १९४३ मध्ये केली जॉन्सनने मोजकी माणसं वेगळी काढून जेट फायटरचा नमुना १४३ दिवसात उभा केला, भारीच काम. पण त्यांचे नियम वाचा. पहिलाच नियम असा की मॅनेजरकडे त्याच्या प्रोग्रामचं जवळपास पूर्ण नियंत्रण असेल आणि तो थेट डिव्हिजनच्या प्रेसिडेंटला किंवा त्याच्याही वर रिपोर्ट करेल. आणखी एक नियम असा की प्रोजेक्टशी संबंध असलेल्यांची संख्या जवळजवळ क्रूरपणे कमी ठेवा. लोक वेगळी खोली आणि झेंडा तेवढा घेतात आणि हे दोन नियम सोडून देतात.

तुमच्याकडे सॉफ्टवेअरला माणसं किती असतील, चार-पाच? त्यातली दोन एका ऑर्डरला कायमची दिली तर बाकीचे सगळे प्रोजेक्ट उरलेल्या दोघा-तिघांवर येतील आणि वर लिहिलेलं रांगेचं गणित त्यांच्यावर डबल जोरात चालेल. म्हणजे एक प्रोजेक्ट वेळेवर आणि पाच अजून लेट, आणि मॅनेजमेंट म्हणणार बघा प्रयोग यशस्वी. खूप मोठी, एकदम नव्या प्रकारची ऑर्डर असेल, जिथे जुनी स्टँडर्ड चालणारच नाहीत, तिथे वेगळी टीम करा. नेहमीच्या ऑर्डरना नको.

काय मागायचं ते सांगतो. माणूस टक्क्यात मागू नका, सलग मागा. ५०% असं कधीच मिळत नाही, पण "या तीन आठवड्यात फक्त या प्रोजेक्टवर" असं मागितलं आणि एचओडीने हो म्हटलं तर तो शब्द पाळला की मोडला हे सगळ्यांना दिसतं. त्यात सर्व्हिस कॉलसाठी एक माणूस आळीपाळीने मोकळा ठेवायचा, म्हणजे निवांत_एचओडींचा फोनचा प्रश्न पण सुटतो. तो माणूस काही दिवस रिकामा बसेल, बसू दे, आणि हे एमडींकडून आधीच वदवून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात कोणीतरी येऊन म्हणेल की हा काय करतोय. दुसरं, चालू प्रोजेक्टची एकच यादी, वरपासून खालपर्यंत क्रम लावलेली, दोन प्रोजेक्ट एका नंबरवर नाहीत, आणि ती डायरेक्टरांच्या सहीने. सगळंच अर्जंट असलेली यादी ही यादी नसते. नवीन ऑर्डर आली की ती यादीत कुठे बसते हे ठरल्याशिवाय सेल्सने तारीख द्यायची नाही. यावर सेल्स बोंब मारणार हे गृहीत धरा.

दुहेरी_रिपोर्टिंग:

यात माझी भर. अप्रेझलमध्ये तुमचं लेखी मत जाईल एवढं तरी पदरात पाडून घ्या, पूर्ण अप्रेझल नको, ते एचओडीकडेच राहू दे. तुमच्या मताचं वजन किती हे मात्र आकड्यात लिहून घ्या, "विचारात घेतलं जाईल" असं लिहिलं असेल तर समजा काही मिळालं नाही. आणि भांडण मिटवायची मुदत. तुम्ही आणि एचओडी यांचं एखाद्या माणसावरून जमलं नाही तर दोन दिवसात अमुक एका व्यक्तीकडे जायचं, त्या व्यक्तीने दोन दिवसात निर्णय द्यायचा. ती व्यक्ती कोण तिचं नाव हवं, "मॅनेजमेंट" नको. समिती तर अजिबातच नको.

परचेसचा प्रश्न वेगळा आहे, तो कुठल्याच मॅट्रिक्सने सुटणार नाही. जोवर त्यांना फक्त भावावर मोजतात तोवर ते एकत्रच मागवणार. त्यांच्या टार्गेटमध्ये पार्ट वेळेवर आले का हे घातलं की बघा, न सांगता वेगवेगळे मागवायला लागतील.

निवांत_एचओडी:

टक्क्यांऐवजी सलग आठवडे ही मागणी माझ्याकडे कोणी घेऊन आलं तर मी आनंदाने देईन, कारण मलाही पाच जणांना उत्तरं द्यायचा कंटाळा येतो. फक्त ते आठवडे खरे हवेत. प्रोजेक्ट मॅनेजर माणूस मागून घेतात आणि तो आल्यावर ड्रॉइंगच फायनल नसतं, मग तो तिथे बसून राहतो. काम तयार नसेल तर आठवडा परत करायचा, असा नियम दोन्ही बाजूंनी ठेवा.

आणि कस्टमरचा सीसी आधी थांबवा. यासाठी कुठलंही स्ट्रक्चर बदलावं लागत नाही. टेक्निकल प्रश्न तुमच्याकडे येऊ देत, तुम्ही एचओडीकडून उत्तर घेऊन तुमच्या नावाने पाठवा. सुरुवातीला एचओडीला खटकेल. समजत नसलेल्या भागात त्याच्या शेजारी बसून समजून घ्या, नुसतं उत्तर फॉरवर्ड केलंत तर पुन्हा निरोप्याच.

कागदी_मॅनेजर:

हे सीसीचं उद्यापासून सुरू करतो. यादीचं आणि सर्व्हिसच्या माणसाचं कन्सल्टंटच्या पुढच्या मीटिंगला मांडतो, परचेसच्या टार्गेटबद्दल त्यांच्या एचओडीशी आधी एकट्यात बोलेन, मीटिंगमध्ये काढलं तर त्यांना हल्ला वाटेल. शेवटचं एक विचारू का, मध्यावर असलेले प्रोजेक्ट पण नव्या पद्धतीत घ्यायचे की ते जुन्याच पद्धतीने संपवायचे? मॅनेजमेंटला सगळं एका तारखेपासून बदलायचंय.

खोडरबर:

जे असेंब्लीपर्यंत आलेत त्यांना हात लावू नका, तिथे आता कोण कोणाला रिपोर्ट करतो याने काही फरक पडत नाही, उलट माणसं हलवली तर डोक्यातली माहिती हलते आणि अजून उशीर होतो. डिझाइनच्या टप्प्यात आहेत ते घ्या. क्रमवारीची यादी मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांना लागू, जुने-नवे सगळे एकाच यादीत, कारण माणसं तीच आहेत. आणि एका तारखेपासून सगळं बदलायचा आग्रह असेल तर ती तारीख वर्षाअखेरच्या डिस्पॅचच्या गर्दीत येत नाही ना एवढं बघा.